चित्रपुस्तकांतून मोजणी शिकवताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सव्वाचार वर्षांची असून ज्युनिअर केजीत जाते. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे आणि घरी मराठी बोलली जाते. ‘वन’पासून ‘फिफ्टी’पर्यंत ती न अडखळता म्हणते, पण ‘मला पाच बिस्किटे दे’ म्हटले की मूठभर काढून हातावर ठेवते. आपण अंकांची काही पुस्तके आणली, ती त्यांची पाने भराभर उलटून मोकळी होते. अशा स्थितीत चित्रपुस्तकांतून मोजणी खरोखर शिकवता येते का, आणि येत असेल तर पुस्तक हातात घेऊन नेमके काय करायचे, तसेच घरची आणि शाळेची भाषा वेगळी असल्याने गोंधळ होईल का, हे आपल्याला हवे आहे. मुंबईतील बालवाड्यांमध्ये मुलांबरोबर आणि नंतर शिक्षिकांच्या प्रशिक्षणात काम करताना हाच प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत सतत भेटत आला आहे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देते.

होय, शिकवता येते, आणि फार चांगले शिकवता येते. मात्र त्याआधी एक गोष्ट निश्चित समजून घ्यावी, की आपली मुलगी मागे पडलेली नाही. ओळीने आकडे म्हणणे हे एक कौशल्य आहे आणि मोजणे हे त्याहून बरेच मोठे. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजणीमागची पाच तत्त्वे मांडली, आणि बालशिक्षणात आजही त्यांचाच आधार घेतला जातो. प्रत्येक वस्तूला एकच आकडा मिळतो. आकड्यांचा क्रम दर वेळी तोच राहतो. शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे सगळ्या वस्तू मिळून किती, याचे उत्तर असते. कोणत्याही प्रकारच्या वस्तू मोजता येतात. आणि सुरुवात कोणत्याही वस्तूपासून केली तरी उत्तर बदलत नाही. आपल्या मुलीकडे यांपैकी दुसरे तत्त्व पक्के आहे. तिला अडचण येते ती तिसऱ्यापाशी, आणि या वयातील बहुसंख्य मुलांची अडचण तिथेच असते.

मूल त्या तिसऱ्या तत्त्वाकडे कसे पोहोचते, याची वाट कॅरन विन यांच्या १९९० च्या सुमाराच्या अभ्यासांमुळे स्पष्ट झाली. त्यांनी मुलांपुढे वस्तूंचा ढीग ठेवून ‘एक दे’, ‘दोन दे’, ‘तीन दे’ असे मागितले. मुलांना आधी फक्त ‘एक’चा अर्थ कळतो आणि बाकी सगळे आकडे म्हणजे नुसतेच ‘पुष्कळ’. मग ‘दोन’ कळतो, मग ‘तीन’, आणि प्रत्येक पायरीवर मूल काही महिने थांबते. त्यानंतर, बहुतेकांच्या बाबतीत चार वर्षांच्या आसपास, कोणाचे आधी तर कोणाचे उशिरा, मोजणीचे सूत्रच त्याच्या हाती लागते, आणि मग पाच, सहा, सात यांचे अर्थ वेगवेगळे शिकवावे लागत नाहीत. मूठभर बिस्किटे देणारी मुलगी या वाटेवर कुठेतरी आहे. ती नेमकी कुठे आहे, एवढे आधी शोधायचे.

शोध सोपा आहे. एका वाटीत दहाएक बाटल्यांची झाकणे ठेवा, समोर एखादी बाहुली बसवा आणि म्हणा, “बाहुलीला एक झाकण दे.” मग दोन, मग तीन, मग चार, आणि मधूनच पुन्हा दोन. परीक्षा घेत आहोत असा स्वर नको, आणि चुकले तरी दुरुस्ती करू नका. जिथपर्यंत ती प्रत्येक वेळी बरोबर देते, तो तिचा आजचा टप्पा. ती दोनपर्यंत ठाम असेल तर पुस्तकातील काम तीन आणि चारभोवती ठेवावे. पन्नासपर्यंत म्हणता येते म्हणून दहा-दहा वस्तूंच्या पानांवर तिला बसवणे, हेच ती पाने भराभर उलटण्याचे एक कारण असू शकते.

शाळेच्या अपेक्षांची काळजी असेल तर हेही पाहावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत स्तर म्हणून एकत्र धरली, आणि ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या, लहान मुलांच्या वाचन आणि अंकज्ञानासाठीच्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या आधीच्या बालवाटिकेसाठी अंकांच्या बाबतीत दहापर्यंतचे अंक ओळखणे व वाचणे आणि संख्या, वस्तू वगैरे क्रमाने लावणे एवढेच लक्ष्य ठेवले आहे. चार वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंत पोहोचवण्याची घाई मुंबईतील अनेक खाजगी बालवर्ग करतात, पालकही त्यात आनंद मानतात, आणि त्या घाईत ‘तीन म्हणजे किती’ हा प्रश्न कोणी विचारतच नाही. मला हे मनापासून खटकते, कारण पुढे पहिली-दुसरीत बेरजेला अडणाऱ्या मुलांची गाठ पुष्कळदा इथेच बसलेली असते.

आता पुस्तकाकडे वळू. पहिल्या वाचनात अजिबात मोजू नका. गोष्ट असेल तर गोष्ट वाचा. नुसती चित्रे असतील तर त्यांच्याविषयी बोला. मुलीला पुस्तक आपलेसे झाले की, दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात, एखाद्या पानावर थांबून असे म्हणा: “अगं, तीन मासे! एक, दोन, तीन. तीन मासे.” आधी एकूण संख्या सांगायची, लगेच प्रत्येक चित्रावर बोट ठेवत मोजायचे आणि शेवटी पुन्हा एकूण सांगायचे. हे दिसायला क्षुल्लक वाटते, पण सगळे मर्म इथे आहे. केली मिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली साडेतीन वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही मुलांना वस्तू दाखवून त्या नुसत्या मोजून दाखवल्या, काहींना नुसती एकूण संख्या सांगितली, आणि काहींना संख्या सांगून लगोलग मोजूनही दाखवले. लक्षणीय प्रगती झाली ती या शेवटच्या गटाची. कारण उघड आहे: मूल नुसते मोजणे ऐकते तेव्हा ‘तीन’ हे तिसऱ्या माशाचे नाव वाटण्याची शक्यता असते, आणि नुसती संख्या ऐकते तेव्हा ती आली कुठून हे कळत नाही. दोन्ही जवळजवळ ऐकू आली की त्यांचा संबंध जुळतो.

बोट ठेवण्याबद्दल आग्रहाने सांगते. आधी आपले बोट, मग आपल्या हातात तिचे बोट, मग तिचे एकटीचे. एका उच्चाराला एकच स्पर्श झाला पाहिजे. मुले आकडे वेगाने म्हणतात आणि बोट मागे राहते, किंवा बोट दोन चित्रांवरून सरकते तरी आकडा एकच निघतो. अशा वेळी ‘चुकलीस’ म्हणण्याऐवजी तिचा हात हलकेच धरून वेग कमी करावा. मार्था अलिबाली आणि ॲलिसा डिरूसो यांच्या १९९९ च्या अभ्यासातही बोटाने दाखवत किंवा स्पर्श करत मोजणारी मुले अधिक अचूक मोजतात असे दिसले. ‘बोट न लावता मोज’ असा दंडक काही घरांत असतो. या वयात तो कृपया पाळू नये.

मोजून झाल्यावर ‘मग किती?’ असे विचारले की पुष्कळ मुले उत्तर देण्याऐवजी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतात. त्यांच्या दृष्टीने ‘किती’ हा शब्द म्हणजे मोजायला सुरुवात करण्याची सूचना असते. तिथे प्रश्न रेटू नका. आपणच संख्या सांगा आणि प्रश्नाचे रूप बदला: “इथे तीन मासे आहेत ना, मग प्रत्येक माशाला खाऊ द्यायचा तर वाटीतून किती झाकणे घेशील?” तिने झाकणे आणली, चित्रावर एकेक ठेवली, एक उरले किंवा एक कमी पडले, की पुस्तक स्वतःच तिला उत्तर देते आणि आपल्याला काही बोलावे लागत नाही.

चित्रांवर वस्तू ठेवण्याची ही युक्ती आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते. पानभर विखुरलेली चित्रे मोजणे मुलांना फार अवघड जाते, कारण कोणते मोजले आणि कोणते राहिले याची खूण राहत नाही. ओळीत मांडलेली चित्रे सोपी, गोलात मांडलेली त्याहून अवघड, कारण सुरुवात कुठून केली हे विसरते, आणि विखुरलेली सर्वांत कठीण. प्रत्येक चित्रावर एक चिंचोका ठेवत जावे, सगळे चिंचोके उचलून ओळीत लावावेत आणि मग मोजावेत. पानावरचे चित्र हलवता येत नाही, चिंचोका हलवता येतो. घरात तीन वर्षांखालचे भावंड असेल तर चिंचोके, राजमा, बटणे असे काही त्याच्या हाताशी ठेवू नका, ते घशात अडकण्याचा धोका असतो. मोठी झाकणे वापरावीत.

पुस्तक निवडताना बहुतेक पालक आधी रंग पाहतात. मी आधी हे पाहते, की ‘चार’च्या पानावर मोजायचे काय हे मुलाला कळते का. चार बेडूक आहेत, पण पाने सहा आणि फुले दोन, आणि एक बेडूक अर्धा दगडामागे लपलेला, असे पान सुरुवातीला गोंधळ वाढवते. तेच पान सहा महिन्यांनी फार चांगले, कारण तेव्हा एकाच पानावर तीन वेगळ्या गोष्टी मोजता येतात. एका पानावर पाच हत्ती आणि दुसऱ्यावर पाच मुंग्या असतील तर ते पुस्तक अवश्य घ्यावे. ‘जास्त कोण?’ असे विचारले की मुले हत्तींकडे बोट दाखवतात, आणि आकाराने मोठे म्हणजे संख्येने जास्त नव्हे हे पटवायला याहून चांगली संधी नाही. झडपा उघडणारी, ओढून हलणारी चित्रे असलेली पुस्तके मोहक असतात, पण त्यांत मुलाचे लक्ष झडपेवर राहते. लहान मुले अशा पुस्तकांतून साध्या पुस्तकांपेक्षा कमी शिकतात, असे २०१० च्या एका अभ्यासातही दिसले होते. ती खेळायला ठेवावीत. सारा पॉवेल आणि जूली नर्नबर्गर-हाग यांनी २०१५ साली इंग्रजी संख्यापुस्तकांची पाहणी केली, तेव्हा बहुतेक पुस्तके दहाला थांबतात आणि शून्य फारच थोड्यांत असते असे आढळले. मराठीतील पुस्तकांकडे पाहतानाही शून्याची उणीव मला जाणवते. ती आपण बोलण्यातून भरून काढू शकतो: “तारेवर तीन चिमण्या होत्या, सगळ्या उडाल्या. आता किती?” ‘एकही नाही’ हे उत्तर चार वर्षांचे मूल आनंदाने देते.

मात्र अंकांची पुस्तके हेच एकमेव साधन मानू नका. माझ्या अनुभवात ज्या पुस्तकांनी मुलांना खऱ्या अर्थाने मोजायला लावले, ती बहुतेक साधी गोष्टींची पुस्तके होती, ज्यांच्या मुखपृष्ठावर एकही अंक नव्हता. नेदरलँड्समध्ये मार्या व्हान डेन ह्यूव्हेल-पानहाउझेन आणि सहकाऱ्यांनी बालवर्गांत सुमारे तीन महिने चित्रपुस्तकांचे वाचन करून पाहिले, आणि ते ऐकणाऱ्या मुलांची गणितातील प्रगती इतर वर्गांपेक्षा अधिक झाली. गोष्टीत मोजण्याला कारण मिळते, म्हणून असे होते. समजा, एका चित्रात घरी पाहुणे आले आहेत, पंगतीला सहा जण बसले आहेत आणि आजीने चारच ताटे मांडली आहेत. “ताटे पुरतील का गं सगळ्यांना?” एवढेच विचारा आणि थांबा. मूल एकेका पाहुण्यावरून ताटाकडे बोट नेते, कोणाला मिळाले आणि कोणाला नाही हे पाहते, आणि ‘दोन जण उपाशी राहतील’ असे काळजीने सांगते. एकास-एक संगती, तुलना आणि वजाबाकी अशा तिन्ही गोष्टी त्या एका वाक्यात आलेल्या असतात. ‘ताटे मोज’ ही आज्ञा हे करू शकत नाही. त्यामुळे अंकांच्या पुस्तकात गोष्ट नसेल तर आपण घालावी: हे पाच ससे कुठे निघाले आहेत, त्यांच्याकडे छत्र्या किती आहेत, पाऊस आला तर कोण भिजेल?

मराठीत वाचण्याचा एक फायदा आपल्या लक्षात आला नसेल. एक चिमणी, दोन चिमण्या; एक आंबा, दोन आंबे; एक फूल, दोन फुले: शब्दाचे रूपच मुलाला सांगते की आता एकाहून अधिक आहे. इंग्रजी आणि रशियन बोलणाऱ्या मुलांना पहिल्या तीन संख्यांचे अर्थ जपानी मुलांपेक्षा आधी उमगतात, असे बार्बरा सारनेका आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले, आणि जपानीत असा एकवचन-अनेकवचनाचा सक्तीचा भेद नसणे हे त्याचे कारण मानले. म्हणून एक-दोनच्या पायरीवर असलेल्या मुलासाठी रूप बदलणारे शब्द आधी घ्यावेत, आणि चेंडू, लाडू, दगड असे न बदलणारे नंतर. माणसे मोजताना ‘दोघी’, ‘तिघे’, ‘चौघे’ हेही सहज वापरावे. ‘तिघी मुली झोक्यावर बसल्या आहेत’ असे ऐकणारे मूल तीनपणाची आणखी एक ओळख करून घेते.

शाळेत इंग्रजी आणि घरी मराठी, यामुळे गोंधळ होईल का, हा आपल्या प्रश्नातील भाग मुंबईत जवळजवळ प्रत्येक घराचा आहे. कित्येक मुलांच्या कानांवर तर शेजारची हिंदी आणि गुजरातीही असते. दोन भाषा शिकणाऱ्या मुलांवर केटी वॅगनर, डेव्हिड बार्नर आणि सहकाऱ्यांनी केलेला २०१५ चा अभ्यास इथे दिलासा देतो. पहिल्या तीन संख्यांचे अर्थ मूल प्रत्येक भाषेत वेगळे शिकते, म्हणजे ‘तीन’ कळले म्हणून ‘थ्री’ आपोआप कळत नाही. पण मोजणीचे मूळ सूत्र एका भाषेत समजले की ते दुसऱ्या भाषेतही उतरते. तेव्हा घरी मराठीत निश्चिंतपणे मोजावे. पथ्य एवढेच, की एका मोजणीत एकच भाषा असावी. ‘वन, टू, तीन, चार’ अशी सरमिसळ टाळावी. तेच पान उद्या इंग्रजीत मोजले तरी चालेल. लिखित अंकांचेही तसेच: ३ आणि त्याचे इंग्रजी रूप अशी दोन्ही चिन्हे मुंबईचे मूल दुकानांच्या आणि बसच्या पाट्यांवर रोज पाहते. तीन वस्तू एका नजरेत ओळखता येऊ लागल्यावर दोन्ही चिन्हे त्या चित्राजवळ दाखवावीत, त्याआधी चिन्हांची घाई नको. बेस्टच्या बसवरचा क्रमांक हे त्या बसचे नाव असते, तिथे काही मोजलेले नसते, हा फरकही चार-पाच वर्षांच्या मुलांशी बोलण्यासारखा आहे.

दहाच्या पुढे मराठी अंकनावे लगेच अवघड होतात. अकरा, बारा, तेरा यांत दहा ऐकू येत नाही, आणि ‘एकोणतीस’ म्हणताना तीस यायच्या आधीच त्याचे नाव घ्यावे लागते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ अशी रीत आली आणि त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला, तो याच अडचणीतून. जोडाक्षरयुक्त नावे मुलांना जड जातात ही त्यामागची चिंता मला रास्त वाटते, पण आपल्या मुलीसाठी आज तो विषय नाही. दहापर्यंतची प्रत्येक संख्या तिला अनेक रूपांत ओळखीची होऊ द्या. पाच म्हणजे चार आणि एक, तसेच तीन आणि दोन, हे चित्रात दिसू द्या. पाच बदकांपैकी तीन पाण्यात आणि दोन काठावर असे पान मिळाले, तर त्या एका पानावर आठवडाभर रमता येते.

एक खेळ मात्र नक्की करून पाहा. हातमोज्याची किंवा साधी बाहुली घ्या आणि तिला पुस्तक मोजायला लावा. बाहुलीने एक मासा वगळावा, एक दोनदा मोजावा, कधी ‘एक, दोन, चार’ म्हणावे, तर कधी उलट्या टोकापासून, पण अगदी बरोबर मोजावे. स्वतः मोजताना चुकणारी मुले दुसऱ्याची चूक तत्काळ पकडतात, आणि बाहुलीला शिकवताना नियम त्यांच्याच तोंडून बाहेर पडतो. उलट्या टोकापासून मोजणेही चुकीचे वाटले, तर पाचवे तत्त्व अजून यायचे आहे असे समजावे. ते उशिराच येते.

पुस्तकांसाठी फार खर्च करण्याची गरज नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या २०१५ पासून चालणाऱ्या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा विनामूल्य वाचता येतात आणि छापूनही घेता येतात. या कामासाठी पडद्यापेक्षा छापील पाने बरी, कारण कागदावर झाकण ठेवता येते. नॅशनल बुक ट्रस्ट आणि ज्योत्स्ना प्रकाशन यांची मराठी चित्रपुस्तकेही चाळून पाहावीत. आणि एक पुस्तक घरीच करावे. दारातल्या चपला, खिडकीच्या ग्रिलमधील कुंड्या, तव्याशेजारी रचलेल्या पोळ्या, दांडीवर वाळत घातलेले मोजे यांची छायाचित्रे काढून एकेका पानावर चिकटवावीत आणि खाली अंक तिला लिहिता येईल तेव्हाच लिहू द्यावा. स्वतःच्या घरातील वस्तूंचे पुस्तक मुले भराभर उलटत नाहीत, कारण पानावर मोजलेले दाराशी जाऊन पुन्हा मोजता येते.

वेळेबद्दल सांगायचे तर एका बैठकीत एक किंवा दोन पानांवरच मोजावे, बाकीचे पुस्तक निव्वळ वाचावे. तिने ‘पुढे वाच ना’ म्हटले तर मोजणी तिथेच सोडून द्यावी. तेच पुस्तक ती पुन्हा पुन्हा मागत असेल तर कंटाळू नका. पुस्तक मिटल्यावर त्याच दिवशी ती संख्या एकदा तरी खऱ्या कामात यावी, जसे जेवताना चार वाट्या मांडणे किंवा आजोबांना तीन गोळ्या लिमलेटच्या नेऊन देणे. दीड-दोन महिन्यांनी झाकणांची तीच वाटी आणि तीच बाहुली घेऊन पुन्हा पाहा, आणि टप्पा एकाने जरी पुढे सरकला असेल तर याच चालीने चालू ठेवा. साडेपाच वर्षांनंतरही दोन-तीन वस्तू मागितल्यावर तिला देता येत नसतील, तर घरी सराव वाढवण्याऐवजी आधी तिच्या वर्गशिक्षिकेशी बोला, आणि बालरोगतज्ज्ञांकडून दृष्टी, श्रवण आणि एकूण विकासाची तपासणी करून घ्या.